आठव्या मिनिटानंतरचं रक्त

क्रॉसकंट्रीच्या दिवशी घोड्यांच्या डॉक्टरला जी जागा मिळते तिथून एकही उडी दिसत नाही. फिनिशलाइनच्या थोडं पुढं आमचा तंबू. बर्फाच्या पाण्याचे टब, बादल्या, थर्मामीटर, सलाइनच्या पिशव्या. कोर्सवर काय चाललंय ते लाउडस्पीकर सांगेल तेवढंच. पण घोडा आतून कसा आहे हे मात्र आमच्याइतकं कुणालाच दिसत नाही.

मी पुण्याची. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, सुरुवातीची वर्षं पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर काढली आणि आता उत्तर जर्मनीत घोड्यांच्या दवाखान्यात आहे. जूनमधली ती स्पर्धा इव्हेंटिंगची होती : एकाच घोड्यावर आधी ड्रेसाज म्हणजे चालींची परीक्षा, मग मोकळ्या रानातली क्रॉसकंट्री, शेवटी मैदानात दांड्यांवरच्या उड्या. पातळी फोर-स्टार लाँग. म्हणजे क्रॉसकंट्रीत मिनिटाला ५७० मीटरच्या वेगानं दहा मिनिटं, साडेपाच किलोमीटरच्या वर अंतर, वाटेत चाळीसच्या आसपास उड्या. लोअर सॅक्सनीत जूनमध्ये सहसा हवा बरी असते. त्या शनिवारी नव्हती. सकाळपासून ढग दाटलेले, वाऱ्याचं नाव नाही, आणि आपल्याकडे वळवाच्या आधी असते तशी चिकचिक. माझ्याबरोबर शिरवळच्या कॉलेजातून नुकतीच पास झालेली एक मुलगी इंटर्न म्हणून होती. ‘‘मॅडम, हे तर पुण्याचं हवामान झालं,’’ ती म्हणाली. मी तिला बर्फाच्या आणखी पिशव्या आणायला पाठवलं.

दुपारी एक तांबडा घोडा आला. ज्याच्यासाठी फोटोग्राफर उठून उभे राहतात असा. चारही पायांना पांढरे मोजे, उंची १७० सेंटीमीटरच्या पुढं, वजन साडेसहाशे किलो तरी असावं. आदल्या दिवशी ड्रेसाजमध्ये त्याची दुडकी बघायला मी स्वतः काम टाकून गेले होते. शिंगरू असतानाच तो लिलावात मोठ्या बोलीला गेला होता, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. वंशावळीत दोन्हीकडून मोठमोठी नावं. पण शुद्ध थरोब्रेड, म्हणजे रेसचा घोडा, ज्याच्या अंशाला घोडेवाले नुसतं ‘रक्त’ म्हणतात, तो शोधायला चार पिढ्या मागं जावं लागे.

तो आला तेव्हा धावत नव्हता, फक्त थांबायचा राहिला होता. रायडर मुलगी शहाणी. शेवटच्या दोन उड्यांआधीच तिनं वेगाचा नाद सोडून दिला होता, वेळेचे गुण घालवून. ती उतरली, खोगीर निघालं, मी थर्मामीटर लावला. ४१.३. ठोके दोन मिनिटांनंतरही दीडशेच्या घरात, आणि श्वास इतका उथळ की मोजता मोजता चुकायला होत होतं. हिरडी दाबून सोडली तर रंग परत यायला वेळ लागत होता, आणि जो रंग आला तो गुलाबी नव्हता, विटकरी होता.

यात घाबरवणारी गोष्ट अशी की घोडा थांबला म्हणून तापमान थांबत नाही. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा हिस्सा धावण्याच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता. ती मांडीत, पुठ्ठ्यात साठलेली असते आणि थांबल्यावरही काही मिनिटं रक्तात उतरत राहते. तसंच झालं. पाच मिनिटांनी ४१.६. मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले.

‘‘सगळ्या अंगावर ओता. थांबू नका. निपटू नका,’’ मी ओरडले. घोडा सांभाळणारी मुलगी सवयीनं प्रत्येक बादलीनंतर पाणी निपटायला जात होती. पुण्यातले आमचे सईसकाका हे बघून कपाळाला हात लावते. गरम घोड्यावर गार पाणी टाकलं तर अंग आखडतं, ही तिथली श्रद्धा. आणि तिथलीच का, जगभराच्या तबेल्यांत होती. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकला तिथल्या दमट उन्हाची सगळ्यांना धास्ती होती, म्हणून आधी कसून प्रयोग झाले आणि ती श्रद्धा खोटी ठरली. बर्फाचं पाणी, भरपूर, संपूर्ण अंगावर, थांबवायचं नाही. आम्ही सहा जण टबातून बादल्या भरत होतो. मी मानेच्या शिरेत सुई घालून सलाइन चालू केलं.

आणि याच गडबडीत ती घोडी आली.

खरं तर माझं लक्षच नव्हतं. इंटर्नला तिच्याकडं पाठवलं आणि मी तांबड्याजवळच राहिले. मिनिटभरात तीच परत आली. ‘‘मॅडम, माझी मोजायची काहीतरी चूक होतेय. एकशे दहा येतायत.’’

‘‘पुन्हा मोज.’’

‘‘मोजले. आता शंभर आहेत.’’

मी मान वळवून बघितलं. लहानशी, गडद तपकिरी, १६२ सेंटीमीटर असेल नसेल. कपाळावर चांदणीसुद्धा नाही. पातळ कातडीखाली शिरांचं जाळं उठून आलेलं, छाती अरुंद पण खोल, खांदा लांब आणि तिरका. घामानं निथळत होती, पण कान पुढं आणि सगळं लक्ष कुंपणापलीकडच्या गवताकडं. तापमान ४०.२. दहा मिनिटांनी ठोके साठाच्या जवळ आणि तापमान ३९ला टेकलेलं. दिलेल्या वेळेच्या आत आलेल्या मोजक्या घोड्यांत ती होती.

‘‘मॅडम, ही तर आपल्या रेसकोर्सवरची वाटते,’’ इंटर्न म्हणाली.

नव्हती. पण तिचा बाप होता. यादीत बापाच्या नावापुढं दोन फुल्या होत्या. जर्मनीत शुद्ध थरोब्रेडच्या नावापुढं अशा दोन फुल्या घालतात.

तासाभरात तांबडा ३९च्या खाली आला. पाय सावरले, पाणी प्यायला, आणि संध्याकाळी गवतही खाल्लं. मग मला चहा मिळाला, आणि चहाबरोबर घोडीचा मालक. हॉलस्टाइनच्या पाणथळ सपाटीतला सत्तरीचा शेतकरी, हिरवं जाकीट, हातात काठी. घोडी त्याच्याच गोठ्यात जन्मलेली, आणि मालकीची राहिली ती केवळ कुणी घेतली नाही म्हणून.

‘‘लिलावाच्या निवडीला नेली होती, डॉक्टर. दुडकी दाखवली आणि त्यांनी वही मिटली.’’

यात त्या निवडणाऱ्यांना तरी काय बोलणार? थरोब्रेडच्या शिंगराची दुडकी बहुधा सपाट असते. पिढ्यानपिढ्या ज्याला भरधाव धावण्यासाठी निवडलं, त्यानं गुडघे उचलून नाचावं तरी कशाला? पण शिंगरांचा बाजार दुडकीवर चालतो. अडीच महिन्यांच्या जिवाकडं बघून आठव्या मिनिटाला त्याचं हृदय काय करेल हे ओळखायचं कसं? जे दिसत नाही त्याला बोली लागत नाही.

म्हाताऱ्याला घोडीच्या आईची बाजू तोंडपाठ होती. हॉलस्टाइनमध्ये घोड्यांच्या घराण्यांना क्रमांक असतात आणि घराणं आईकडून मोजतात. आपल्या घराण्याचा क्रमांक तो आडनावासारखा सांगत होता. त्याच्या आजोबांच्या काळात हे घोडे नांगराला आणि बग्गीला चालायचे. जाड मान, गोल पुठ्ठे, पाय उंच टाकणारे. युद्धानंतर ट्रॅक्टर आला, घोड्या झपाट्यानं घटल्या, १९६० साली ट्राव्हेंटालचा सरकारी स्टडही बंद झाला. उरलेलं ब्रीडर संघटनेनं अंगावर घेतलं आणि एल्म्सहॉर्नला बसून एकच निर्णय धडाक्यानं राबवला : नांगराच्या घोड्याचा खेळाचा घोडा करायचा, आणि त्यासाठी थरोब्रेड आणायचे. आंब्लिक, कॉटेज सन, मार्लन, आणि १९६१ साली जन्मलेला लेडीकिलर. लेडीकिलरची मुलं लॉर्ड आणि लांडग्राफ यांच्या पुढच्या पिढ्या आजही जगभर उड्या मारतायत. फ्रान्समध्ये हेच काम इंग्लंडहून आणलेल्या फ्युरिओसो नावाच्या थरोब्रेडनं केलं. त्याचा मुलगा ल्युतर १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उड्यांचं सुवर्ण घेऊन आला.

‘‘तेव्हाही लोक आजोबांना हसले होते,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘म्हणाले, या काटकुळ्याला नांगराला कसा जुंपणार?’’

मला आमच्या स्टडची आठवण आली, कारण तिथं सगळं उलटं. आपल्याकडे खेळाच्या घोड्याचं असं वेगळं ब्रीडिंग जवळजवळ नाहीच. रेस संपली की चार-पाच वर्षांचा थरोब्रेड रायडिंग क्लबात, पोलिसांत जातो, आणि त्यालाच उडी शिकवतात. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं सुवर्ण घेतलं तेव्हा आपला संघ आपल्याच घोड्यांवर होता. आपला फवाद मिर्झा २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकला उतरला तो जर्मन घोड्यावर. आपल्याकडे रक्तच रक्त, त्याला आकार देणारी दुसरी बाजू नाही. इथं दुसरी बाजू भरपूर आणि रक्त दर पिढीला पातळ होत चाललेलं. थरोब्रेडचं काम विरजणासारखं आहे. थोडंच लागतं, पण दर वेळी लागतं. जास्त झालं की आंबतं.

आंबतं म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर ही थरोब्रेडची जाहिरात व्हायची. पातळ खुरांच्या भिंती, ज्यात नाल टिकत नाही. जरा खुट्ट झालं की छपराला टेकणारा स्वभाव. आणि सगळे थरोब्रेड एकसारखे नसतातच. २०१०मध्ये डब्लिनच्या एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन जनुकाचा एक फरक दाखवला, ज्यावरून घोडा छोट्या अंतराचा की लांब पल्ल्याचा याचा बराच अंदाज येतो. रेसचा पैसा दोन वर्षांच्या, झटक्यात सुटणाऱ्या घोड्यांकडं वळतोय. आम्हाला लागतो तो दुसरा, उशिरा पिकणारा, दमाचा, शक्यतो स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची रेस, पळालेला. तसा शोधावा लागतो, आणि सापडला तरी त्याच्याकडं घोड्या पाठवायला कुणी तयार नसतं. म्हाताऱ्यानं वापरलेला स्टॅलियन असाच. त्याला तिथं जावंही लागलं नव्हतं. वीर्य थंड डब्यातून कुरिअरनं आलं. आमच्या पुण्याच्या स्टडवर हे चालत नसे, कारण कृत्रिम रेतनानं झालेल्या शिंगराला थरोब्रेड म्हणून जगात कुठंच नोंदवत नाहीत.

इव्हेंटिंगमध्ये आता रक्ताची गरज नाही, असंही मी बरंच ऐकलंय. २००४च्या अथेन्सपासून ऑलिंपिकमधून स्टीपलचेस आणि रस्त्याचे टप्पे गेले, उरली नुसती क्रॉसकंट्री. मग भारी घोडाही चालेल, हा तो तर्क. कागदावर बरोबर आहे. पण त्यानंतर लंडन आणि रिओ, दोन्हीकडे वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या जर्मन रायडर मिखाएल युंगच्या सॅम या घोड्याचा बाप स्टॅन द मॅन थरोब्रेड, आणि आईचा बाप हेराल्डिक तोही थरोब्रेड. जुन्या पद्धतीत क्रॉसकंट्रीच्या आधी दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती होती आणि तिथं डॉक्टर दमलेल्या घोड्याला परत पाठवू शकत. आता तो थांबा नाही. थकवा कळतो तो शेवटच्या उडीवर, नाहीतर आमच्या तंबूत.

इंटर्नचा निष्कर्ष तयारच होता. ‘‘म्हणजे मॅडम, तांबड्यात रक्त कमी म्हणून तो तापला.’’

‘‘एका घोड्यावरून असं म्हणायचं नाही,’’ मी म्हटलं. तांबडा कदाचित कमी तयार होता. कदाचित गळ्यात काही अडचण असेल; ते एंडोस्कोपीशिवाय कळणार नव्हतं आणि मी ती करून घ्यायला लिहूनही दिलं. पण वजनाचा हिशेब कुणाला चुकत नाही. मोठ्या, गोल शरीराला किलोमागं कातडी कमी मिळते, आणि उष्णता बाहेर जाते ती कातडीतून आणि श्वासातून. कोरड्या हवेत ते निभतं. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो.

रविवारी सकाळच्या तपासणीला तांबडा आणलाच नाही. रायडरनं स्वतःच नाव मागं घेतलं. घोडी मात्र दोर ओढत आली, दुडकी पुन्हा सपाट, पण चारही पायांवर सारखी, आणि पास झाली. दुपारी उड्यांमध्ये तिनं दोन दांडे पाडले. बेफिकीरपणे, मागच्या पायांनी. तिसऱ्या क्रमांकावरून नवव्यावर घसरली. तंबूत कुणीतरी लगेच म्हणालं, बघा, रक्ताचे घोडे दांडे पाडतात. मी काही बोलले नाही. लेडीकिलरची नातवंडं-पतवंडं आठवून मनातल्या मनात भांडले.

निघताना म्हातारा भेटायला आला. एका रायडरनं घोडीसाठी चांगली किंमत सांगितली होती, आणि तो विचार करतो म्हणाला होता. इंटर्ननं विचारलं, ‘‘हिच्या आईला यंदा पुन्हा त्याच स्टॅलियनचं दिलंत ना?’’ मी जर्मनमध्ये सांगितलं.

‘‘नाही,’’ तो म्हणाला आणि या वर्षी ज्याची सगळीकडे चर्चा आहे अशा एका तरुण जंपिंग स्टॅलियनचं नाव घेतलं. ‘‘मी बहात्तरचा झालो, डॉक्टर. ही घोडी विकायला अकरा वर्षं लागली. पुढचं शिंगरू मला ऑगस्टमध्ये विकायचंय.’’