तुम्ही विचारलंत म्हणून: इन्फेक्शनमुळेच गेलं का बाळ?

मी लॅबमध्ये काम करते. लघवीची कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, लावते, स्लाइड बघते. रिपोर्ट न्यायला आलेल्या बायका काउंटरवर वाकून आवाज खाली आणून विचारतात, “मॅडम, इन्फेक्शनमुळेच गेलं का हो माझं बाळ?” त्याच्या आड आणखी एक प्रश्न असतो: माझीच स्वच्छता कमी पडली का? आधी त्याचंच उत्तर देते. नाही.

दिवस गेले की प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, त्यात वाढती गर्भपिशवी त्यांच्यावर दाबते आणि लघवी साचून राहते. साचलेल्या लघवीत जंतू सहज फोफावतात. ते बहुतेक वेळा ई. कोलाय असतात, म्हणजे आपल्याच आतड्यातले. १०० गरोदर बायकांपैकी २ ते १० जणींच्या लघवीत ते सापडतात, आणि त्यांना ना जळजळ होत असते, ना ताप असतो. नमुना प्लेटवर पसरून ठेवला की दुसऱ्या दिवशी गुलाबी ठिपक्यांनी ती भरून गेलेली असते. फॉर्मवर मात्र लिहिलेलं असतं, ‘तक्रार नाही’. इतकी वर्षं झाली, तरी ते दोन शब्द वाचून माझ्या काळजात धस्स होतं. कारण उपचार झाले नाहीत तर अशांतल्या बऱ्याच जणींचं, काही पाहण्यांत तर चौथाई बायकांचं, इन्फेक्शन किडनीपर्यंत चढतं. मग हुडहुडी भरून ताप, कंबरेच्या वर दुखणं आणि कधी कधी अवेळी कळा. पहिल्या भेटीत कल्चर सांगतात ते यासाठी. “मला काही त्रास नाही” म्हणून ते टाळू नका.

अंगावरून जाण्याचं प्रकरण वेगळं. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे आपल्या बाजूचे जंतू आम्लता राखून असतात. ते कमी झाले की दुसरे माजतात, पातळ करडा स्राव जातो, माशासारखा वास येतो. स्लाइडवर पेशीची कडच दिसेनाशी होते, ओल्या बोटाला वाळू चिकटावी तसे जंतू चिकटलेले असतात. अशा बायकांत उशिराचे गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त दिसतात, हे खरं. पण २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हाच त्रास असलेल्या, पण एरवी कमी जोखमीच्या जवळपास ३,००० बायकांपैकी काहींना क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं, काहींना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. उशिराचे गर्भपात आणि फार लवकरची बाळंतपणं औषधाने कमी झाली नाहीत. एखादी गोष्ट सोबत सापडली म्हणून तिनेच घात केला असं होत नाही. हे मला स्वतःलाही फार वेळा समजवावं लागलं आहे.

पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांत तरी गुणसूत्रांचाच दोष असतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र इन्फेक्शनचा वाटा खरोखर मोठा असतो. जंतू पिशवीच्या तोंडातून वर चढतात, पाणमोटेला सूज येते, त्या सुजेतून प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं तयार होतात आणि कळा सुरू होतात. सिफिलिस या गुप्तरोगाचंही लक्षात ठेवा. उपचारांशिवाय तो पोटातच बाळ घेऊन जाऊ शकतो, आणि वेळेत कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. त्यासाठी रक्ताची एक तपासणी लागते, एवढंच.

माझंही बाळ पाचव्या महिन्यात गेलं. माझं कल्चर मीच पाहिलं होतं, प्लेट स्वच्छ होती. सूज सापडली ती वारेच्या तपासणीत. ते जंतू कुठून आले हे मला सांगता येत नाही, पण मी काही चुकले नव्हते हे सांगता येतं.

तेव्हा कुणी सांगितलं म्हणून आतून धुवायला जाऊ नका; त्याने लॅक्टोबॅसिलसच वाहून जातात. लघवीचा नमुना देताना सुरुवातीची धार सोडा, मधली घ्या. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, आणि डॉक्टरांनी पुन्हा कल्चर सांगितलं की लगेच या. बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलं असेल तर वारेचा रिपोर्ट मागून घ्या, जपून ठेवा. पुन्हा दिवस गेले की पहिल्याच भेटीत तो डॉक्टरांच्या हातात द्या आणि पिशवीच्या तोंडाची लांबी कधीपासून मोजायची ते विचारा.