शार्प पीसी-१३५०: सिरियल पोर्टवरून प्रोग्रामचं पहिलं लिस्टिंग बाहेर आलं

सातपूरच्या एका टूलरूममधून निवृत्त झालेल्या काकांनी आपला पीसी-१३५० हा शार्पचा खिशातला संगणक माझ्याकडे दिलाय. १९८४ चं मॉडेल. त्यात हॉबिंग मशीनचे (गिअरचे दाते कापणारं यंत्र) चेंज गिअर, म्हणजे गुणोत्तर जुळवायला बदलायचे गिअर, काढणारा, त्यांनी स्वतः लिहिलेला बेसिक प्रोग्राम आहे. हवं ते गुणोत्तर द्या, हाताशी असलेल्या गिअरांमधून सगळ्यांत जवळची जोडणी तो शोधून देतो. याची दुसरी प्रत कुठेच नाही. मेमरी टिकते दोन सीआर२०३२ सेलांवर. ते उतरले की सगळं पुसलं. त्यामुळे साफसफाई, स्क्रीन वगैरे सगळं मागे ठेवून आधी सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागोमाग एक बिट पाठवणारी जोडणी, हातात घेतला.

डाव्या अंगाच्या १५ पिनी सॉकेटमध्ये कामाच्या पिनांचे क्रमांक आरएस-२३२ या सिरियल जोडणीच्या मानकातल्या जुन्या २५ पिनी सॉकेटसारखेच आहेत: २ वर एसडी (पाठवायचा डेटा), ३ वर आरडी (येणारा डेटा), ४ आणि ५ वर आरएस-सीएस (पाठवू का ही विचारणा आणि तिला होकार), ७ वर ग्राउंड. पण व्होल्टेज त्या दर्जाचं नाही. सिग्नल शून्य ते साधारण पाच व्होल्टमध्येच फिरतो, म्हणून शार्प त्या काळी सीई-१३०टी नावाचा वेगळा लेव्हल कन्व्हर्टर विकायची. डेस्कटॉप संगणकाचा खरा आरएस-२३२ पोर्ट थेट जोडू नका, उणे बारा व्होल्ट आत गेले तर चिप जाईल.

आज यूएसबी-टीटीएल केबलने (यूएसबीला शून्य ते पाच व्होल्टचा सिरियल पोर्ट जोडणारी) काम भागतं, मात्र ध्रुवता उलटी असते, म्हणजे एकाचं शून्य ते दुसऱ्याचं एक. साधी केबल लावली की पडद्यावर नुसता कचरा येतो. एफटी२३२आर चिपची केबल घ्या. तिची मांडणी बदलणाऱ्या एफटी-प्रॉग या सॉफ्टवेअरमध्ये टीएक्सडी, आरएक्सडी, आरटीएस, सीटीएस (केबलच्या बाजूचे तेच चार सिग्नल) चारही उलटे करता येतात. चारही करायचे, कारण सीएसवर होकार मिळाल्याशिवाय मशीन एक अक्षरही पाठवत नाही, ढिम्म बसून राहतं.

मग मशीनवर:

ओपन "१२००,एन,८,१,ए,सी,&१ए"
सेव्ह

पहिली चार मूल्यं वेग, पॅरिटी, डेटा बिट आणि स्टॉप बिट. ए म्हणजे आस्की (साधी अक्षरं), सी म्हणजे ओळीच्या शेवटी फक्त कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत जा). आपल्या संगणकावर ही अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनल प्रोग्राममध्ये सगळ्या ओळी एकावर एक चढत असतील तर सीच्या जागी एल टाका, लाइनफीडही (पुढच्या ओळीवर जा) येईल. शेवटचा कोड फाइल संपल्याची खूण. सध्याची मांडणी ओपन$ विचारलं की दिसते. केबलवर संशय घेण्याआधी ती एकदा बघाच.

१२०० बॉड म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. आजच्या मानाने हळू, पण ओळ क्रमांकांसकट काकांचं लिस्टिंग उतरताना बघायला मला हा वेग फार आवडला. व्हेरिएबलांची नावंसुद्धा त्यांनी कारखान्यातल्या गिअर चार्टसारखीच ठेवलीत. काकांना फोन केला, तर म्हणाले, "अरे, आता त्यात ४७ दातांचा गिअर घाल, तो नंतर आला होता."

उलटा प्रवास जरा नाजूक. लोड करताना मशीन प्रत्येक ओळ आतल्या रूपात बदलत बसतं, तेवढ्यात पुढची अक्षरं आली तर गळतात. हार्डवेअर हँडशेक, म्हणजे आरएस-सीएस तारांवरून थांब-चालू सांगणं, चालू ठेवायचा. तारा तीनच असतील तर टर्मिनलमध्ये प्रत्येक ओळीनंतर थोडा थांबा द्यायचा. ही चाचणी काकांच्या मशीनवर करणार नाही. त्यासाठी दुसरा पीसी-१३५० शोधतोय. नाशिक किंवा पुण्यात कुणाकडे पडून असेल, अगदी रेघा गेलेल्या स्क्रीनचाही, तर जरूर कळवा.