मामांच्या पायाला कळलंच नाही

मामांनी मोजा काढला आणि लक्ष्मीपुरीतल्या माझ्या छोट्या ड्रेसिंगच्या खोलीत चहाच्या पत्तीचा वास पसरला. दोन आठवड्यांपूर्वी अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती. आज अख्खा तळवा पांढरा, लिबलिबीत झालेला आणि घोट्यापर्यंत फोड आलेले.

"काय लावलंत मामा?"

"गिरीन टी, मॅडम. नातवानं मोबाईलवर बघितलं. कढत पान्यात पुड्या सोडायच्या आन् त्यात पाय. चार दिस केलं."

"चटका नाही बसला?"

"न्हाई वो. कोमटच वाटलं."

शेजारी उभ्या मामींनी न बोलता उजवा हात पुढे केला. पाण्यातून त्या पुड्या काढताना त्यांची दोन बोटं पोळली होती. त्याच पाण्यात मामा अर्धा अर्धा तास पाय सोडून बसले होते. मामा गुळव्या आहेत, गुऱ्हाळावर उसाचा रस आटवून गूळ करणारे. काहिलीतल्या रसाचा कढ नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस!

चौदा वर्षांच्या मधुमेहानं पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. डोळे मिटायला लावून 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा मी तळव्यावर टेकवत गेले. "लागलं की सांगा." मामा गप्पच. पायाच्या पाठीवरची नाडी मात्र बोटांना लागली, तेव्हा माझ्या जीवात जीव आला. रक्त पोहोचत होतं, म्हणजे पाय वाचवता येणार होता.

यात माझीही चूक होती. मागच्या खेपेला निघताना त्यांनी विचारलं होतं, "गिरीन टी जखमेला चांगला का?" बाहेर रांग होती. ते पिण्याबद्दलच विचारताहेत असं धरून मी "हो, चांगला" म्हणून मोकळी झाले.

त्या दिवशी रांग थांबवून मी नातवाला समोर बसवलं. त्यानं वाचलेलं खोटं नव्हतं. ग्रीन टीमधल्या ईजीसीजी या घटकानं मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरल्याचं प्रयोगांत दिसलंय. दाह कमी होतो, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. पण तिथं तो घटक शुद्ध करून, मोजून लावतात. उंदराची सैल कातडी आक्रसून जखम मिटवते, माणसाची जखम तळातून मांस भरत वर येते. शिवाय उंदराची जखम असते पाठीवर. आजोबांच्या जखमेवर पावलागणिक अख्ख्या देहाचा भार पडतो. तो भार काढल्याशिवाय कुठलंच औषध तिथं टिकत नाही. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. माया होती म्हणूनच त्यानं शोधलं होतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

मेलेली कातडी काढली, इन्सुलिन सुरू केलं, अँटिबायोटिक दिलं. जंतुसंसर्ग ओसरल्यावर भार उतरवायला पायाला प्लॅस्टर घातलं. ऐन हंगामात गुऱ्हाळावर जायचं नाही म्हटल्यावर मामा रडले.

अकरा आठवड्यांनी जखम मिटली. मामी आता अंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून बघतात. रात्री मामा फरशीवर आरसा ठेवून तळवा तपासतात, नातू टॉर्च धरतो.