उंदराला दुसरी पेटी ‘दुसरी’ वाटावी म्हणून

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. उंदराला एका पेटीत घाबरवायचं आणि तो दुसऱ्या पेटीतही घाबरतो का, ते बघायचं. पायाला बसणारा सौम्य शॉक दोन सेकंदांत संपतो. बाकी सगळा वेळ खातं ते दुसरी पेटी खरोखर वेगळी करणं.

पहिली पेटी चौकोनी. खाली स्टीलच्या सळ्या, वर लख्ख दिवा, पुसायला अल्कोहोल. दुसरीत सळ्यांवर गुळगुळीत पत्रा टाकला, प्लास्टिक वाकवून भिंती गोल केल्या, दिवा मंद ठेवला, पुसायला व्हिनेगर घेतलं. आपल्याला एवढं पुरे वाटतं. उंदराचा प्रसंग मात्र पेटीच्या आधीच सुरू होतो: पिंजऱ्यातून उचलणं, ट्रॉलीची खडखड, हातमोज्यांचा वास. म्हणून दुसऱ्या पेटीसाठी खोली वेगळी, वाट वेगळी आणि ट्रॉलीऐवजी हातात झाकलेलं खोकं. (एथिक्स कमिटीच्या परवानगीचं पुराण इथे नको.)

शॉक वाढवायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुप्रिया घोष आणि सुमंत्र चटर्जी यांनी 2015 मध्ये दाखवलं होतं की शॉक तीव्र असला तर उंदीर शॉकबरोबर ऐकवलेल्या आवाजालाच नाही, निरुपद्रवी आवाजालाही घाबरतो. मग फरक मोजणार कशाचा?

भीती मोजायची ती उंदीर किती वेळ गोठून बसतो त्यावरून. श्वासाशिवाय काही हलत नाही. सॉफ्टवेअर मोजतं, पण पेंगणारा आणि घाबरलेला उंदीर त्याला सारखेच दिसतात, म्हणून मी प्रत्येक व्हिडिओ स्वतः बघायचे. कंटाळवाणं काम, पण सगळा अर्थ तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी उंदीर पहिल्या पेटीत गोठले, दुसरीत हुंगत फिरले. महिन्याभराने तपासलेला वेगळा गट दोन्हींत गोठला. विल्टगेन आणि सिल्वा या संशोधकांना 2007 मध्ये हेच दिसलं होतं. जागेचे बारकावे मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग सांभाळतो, असं मानतात. काळाबरोबर ते पुसट होतात, भीती तेवढी राहते.

आता तिसरा गट लावलाय. त्यांना चाचणीआधी थोडा वेळ, शॉकशिवाय, पहिल्या पेटीत ठेवणार. विनोकूर आणि मॉस्कोविच या संशोधकांच्या प्रयोगात अशी आठवण करून दिल्यावर उंदरांना दोन जागांतला फरक पुन्हा कळू लागला होता. आमच्यांना कळतो का, ते पुढच्या आठवड्यात दिसेल.