तुम्ही विचारलंत म्हणून: घट्ट झालेला पॅन सुटतो कसा?

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी बावीस हंगाम पॅनवर, म्हणजे उसाचा पाक आटवून साखरेचा दाणा वाढवायच्या मोठ्या भांड्यावर, काढले. पॅनवर नवीन आलेली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात: "काका, अख्खा पॅन घट्ट होऊन बसतो आणि जरासं गरम पाणी दिलं की सुटतो. एवढ्याशा पाण्यात असं काय असतं?"

सगळा हिशोब जागेचा आहे. मॅसेक्विट म्हणजे मळीत दाटलेला साखरेचा दाणा. दाणा विरळ असतो तोवर गणित सोपं. आइन्स्टाइनने १९११ साली दुरुस्त केलेल्या सूत्राप्रमाणे शेकडा २ दाण्याने दाटपणा शेकडा ५ वाढतो. पुढे हे सूत्र चालत नाही. एकसारख्या गोल गोट्या डब्यात ओतून हलवल्या, तर शेकडा ६४ च्या आसपास जागा भरते आणि त्या बसतात. खरखरीत असल्या तर ५८ च्या आगेमागेच अडकतात. साखरेचा दाणा तर कोनेदार! अशा हद्दीवर शेकडा एक दाणा वाढला, तरी सुरुवातीच्या दहापेक्षा भारी पडतो. म्हणूनच तिथे थोडंसं पाणीही पुरतं. दाण्यादाण्यात फट पडली की माल हलतो.

पण तेच पाणी दाणा विरघळवतं, तासन्‌तास वाढवलेला दाणा. म्हणून मी आधी काचेवर नमुना ओढून उजेडात धरायचो. रेघ पसरली नाही, कडेने मळी हळूहळू पाझरली, तरच व्हॉल्व्हला हात लावायचा. घाईने पाणी सोडणं मला कधीच पटलं नाही.

घरी बघायचं असेल तर दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये वाटीभर पाणी घाला. चमचा हळू फिरवा, फिरेल. जोरात ढकला, जागीच थिजेल, आणि चमच्यापुढची चकाकी जाईल. हळू फिरवताना कणांमध्ये पाण्याचा पापुद्रा असतो. जोर लावला की तो फाटतो, कणाला कण घासतो. दाटलेल्या कणांना सरकायला जास्त जागा लागते, म्हणून वरचं पाणी आत ओढलं जातं.

हेच ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये वाळूबद्दल सांगितलं होतं. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी ओल्या वाळूवर पाय दाबून बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणात कोरडी दिसते. पाय उचलला की ठशात पाणी पाझरून येतं.