दहा बाय दहाची खोली, दोन स्पीकर आणि रॉकवूलची शोधाशोध

स्पीकर निवडणं सोपं गेलं. दहा बाय दहाच्या खोलीत मोठे टॉवर कोंबण्यात अर्थ नव्हता, म्हणून पाच इंची वूफरचे छोटे बुकशेल्फ स्पीकर घेतले. अडलं ते रॉकवूलपाशी, म्हणजे खोलीतला घुमणारा आवाज शोषून घेणाऱ्या दगडी लोकरीपाशी.

खोली जुळे सोलापुरातली. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. ख्याल लावला की डग्ग्याची मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) खाली येताना मध्येच एक सूर भसकन फुगायचा आणि पुढे पुन्हा नीट व्हायचं. दोष खोलीचा. तीन मीटरवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५७ आणि ११४ हर्ट्झला आवाजाच्या लाटा उभ्या राहतात, म्हणजे तो सूर काही जागी फुगतो, काही जागी गायब होतो. खोली चौरस असली की लांबी-रुंदीचे आकडे एकच येतात आणि त्रास वाढतो. बरोबर मध्यभागी बसलं तर ११४ फुगतो, ५७ जवळपास गायब. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी खुर्ची पुढे-मागे सरकवून बघा.

शहरातल्या एका साउंडच्या दुकानात गेलो, तर त्यांनी इंचभर जाडीचा फोम पुढे केला. "मालक, स्टुडिओवाले हेच नेतात. चारी भिंतींना मारून टाका." ११४ हर्ट्झची लाट तीन मीटर लांब, इंचभर फोम तिला काय अडवणार? तो वरचे सूर तेवढे खातो. खोली निर्जीव होते आणि डग्गा घुमायचा तसाच घुमतो. हे सांगितल्यावर म्हणाले, रॉकवूल मागवतो, ॲडव्हान्स ठेवा, सोमवारी या. सोमवारी गेलो तर गाडी आली नव्हती. मग "ट्रान्सपोर्टवाला फोन उचलत नाही." मग "एवढा थोडा माल कंपनी देत नाही, पाच बंडलं घ्या." एका खोलीला पाच बंडलं! आधीच स्पष्ट नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. काउंटरसमोर ठाण मांडून बसलो तेव्हा पैसे परत मिळाले. अजून आठवलं की डोकं तापतं.

माल गावातच होता. आपल्याकडे डाइंगवाल्यांचे बॉयलर आहेत आणि त्यांच्या वाफेच्या पाइपांना रॉकवूलच गुंडाळतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लॅगिंगची, म्हणजे पाइपांना असं आवरण घालण्याची कामं घेणाऱ्या एकाने ४८ घनतेचे (किलो प्रति घनमीटर), ५० मिमी जाडीचे स्लॅब हवे तेवढे सुटे दिले. चहाही पाजला.

दोन-दोन स्लॅब जोडून लाकडी चौकटीत घातले आणि कोपऱ्यांत तिरके, मागे पोकळी ठेवून उभे केले. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. चौकटीवर ताणायचं कापड आधी ओठांना लावून फुंकून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. बाजूच्या भिंतीवर पॅनेल कुठे लावायचं ती जागा आरशाने सापडते. आपण खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीला टेकवून आरसा सरकवायचा. स्पीकर दिसला की तिथे पॅनेल.

डग्गा आता फुगत नाही असं नाही, पण लगेच विरतो आणि मींड सलग ऐकू येते. मोजून बघायचं तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि रॉकवूल हातात पडेपर्यंत कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.