कुंभार्ली घाटाच्या अलीकडची कुंभारीण

आईला गुहागरला न्यायचं दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. गुडघे साथ देतायत तोवर एकदा दर्शन घडव, एवढंच तिचं मागणं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अखेर मुहूर्त लागला. गाडीत मी आणि आई, दोघीच. पुण्याहून सहाला निघालो, उंब्रजला महामार्ग सोडला आणि पाटणचा रस्ता धरला. पाटणच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हा आईने डब्यातले धपाटे काढले. इथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

हेळवाकला कोयना वळते. महाबळेश्वराहून निघून सरळ दक्षिणेला आलेली ही नदी इथे काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण धरणातलं बरंच पाणी तिच्या वाटेने जातच नाही. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरून चिपळूणकडे निघून जातं. एकाच डोंगरावरचा पाऊस, थोडा बंगालच्या उपसागराला, थोडा अरबी समुद्राला. दरवेळी इथून जाताना हे मनात येतं. यंदा आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे एक लेक सासरी पूर्वेला दिली आणि एक कोकणात."

हेळवाक मागे पडलं आणि घाट लागायच्या आधीच ट्रकांची रांग दिसली. वर एका वळणावर टँकर आडवा झाला होता. क्रेन चिपळूणहून येणार, तीन तास तरी धरून चाला, असं पुढच्या ट्रकवाल्याने सांगितलं. माझी चिडचिड झाली. आईला दोन तासांवर एका जागी बसवत नाही, आणि घाटातल्या रस्त्यावर बाईमाणसाने उतरायचं कुठे, हा प्रश्न असतोच. मी हे आजवर फार सोसलंय. कुठे संडासाची किल्ली गल्ल्यावरच्या माणसाकडे मागायची, कुठे कडी नाही, कुठे नळ आहे पण पाणी नाही. पोरी तहान मारून प्रवास करतात ते उगाच नाही. म्हणून मी गाडी वळवली आणि मघाशी मागे टाकलेल्या एका हॉटेलाच्या अंगणात घातली.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, सहा टेबलं आणि बाजूला राहतं घर. संडास स्वच्छ होता, आत कडी होती, बादली काठोकाठ भरलेली होती. तिथेच मी अर्धी निवळले. चहा सांगितला, आईसाठी कमी साखरेचा, आणि मागच्या बाजूला गेले.

मागे बाग होती. हल्ली रस्त्याकडेच्या हॉटेलांत बाग म्हणतात ती मला बघवत नाही. पेव्हर ब्लॉक, त्यावर प्लॅस्टिकची हिरवळ, फोटोसाठी झोपाळा आणि लाल रंगाचा मोठा बदाम. तिथे मुंगीलाही उतरायला जागा नसते. इथे तसं काही नव्हतं. तेरडा माजला होता. जास्वंद, कर्दळ, सोनटक्का, कुंपणाला घाणेरी, कोपऱ्यात लिंबू आणि त्याच्या शेजारी कढीपत्ता. जास्वंदीच्या पानांना भोकं पडलेली, लिंबाची कोवळी पालवी तर पार कुरतडलेली. बागेत कोणीतरी जेवतंय, हे बघूनच कळत होतं. पलीकडे डोंगराची कड, तिच्यावर सोनकीचे पिवळे पट्टे, आणि त्या कडेवरून कोकणातले ढग एकेक करून वर चढत होते. येत, झाडांत अडकत, विरघळून जात.

पावसाने उघडीप दिली होती. ऊन पडलं की सगळी बाग हलायला लागायची. अंगणावर चतुरांचा थवा घिरट्या घालत होता, पिवळट, काचेसारख्या पंखांचे. हे भटके चतुर. पावसाबरोबर येतात आणि पाऊस सरला की निघतात. ऑक्टोबरात मालदीवच्या बेटांवर त्यांचे थवे उतरतात आणि तिथून पुढे आफ्रिकेकडे जातात. बोटभर लांबीचाही जीव नाही तो, आणि समुद्र ओलांडतो. आम्ही लहानपणी त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. आता ते आठवलं की मला वाईट वाटतं.

लिंबाच्या पानावर पाखराची विष्ठा पडली होती. नीट बघितलं तर ती हलली. अळी होती, करड्या-पांढऱ्या रंगाची, ओलसर चकाकणारी, कोणत्याही पक्ष्याला खावीशी वाटू नये अशी. गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला, तर डोक्यामागून दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. क्षणात शिंगं आत. मी काडी टाकून दिली; एकदा पाहिलं, पुरे. आपलं राज्य फुलपाखरू, निलवंत, तेही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर अंडी घालतं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला हा मान दिला, देशात पहिल्यांदा. राणी पाकोळी असंही म्हणतात. आणि खरंच, घाणेरीवर एक आलं. तळहाताएवढं, काळं, मागच्या पंखांवर निळा रंग. सेकंदभरही पंख न मिटता फुलाफुलावर थरथरत राहिलं आणि कुंपणापलीकडे गेलं. आई खुर्चीतूनच म्हणाली, "पैठणीचा रंग आहे गं हा." काळी चंद्रकळा आणि निळा पदर, असं काहीतरी तिच्या मनात असणार.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते बागेत नव्हतं. ते आईच्या खुर्चीच्या मागे, खिडकीच्या चौकटीवर होतं.

हात धुवायच्या नळाखाली सतत थेंब पडून चिखल झाला होता. त्या चिखलावर एक माशी उतरली. माशी म्हणजे गांधीलमाशीच्या जातीची, तांबूस-काळी, कंबर इतकी बारीक की मागचा भाग दोऱ्याने बांधलाय की काय असं वाटावं. तिने तोंडाने चिखल उकरला, पुढच्या पायांत घेऊन गोल केला आणि मटकीच्या दाण्याएवढी गोळी घेऊन खिडकीकडे आली. तिथे मातीची तीन बुजवलेली मडकी एकमेकांना चिकटून होती आणि चौथं अर्धवट. कुंभारीण!

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. हातभर अंतरावरून, जवळजवळ दोन तास. ती ओली गोळी काठावर ठेवायची आणि मागे मागे सरकत तिची पट्टी ओढायची, एक चतुर्थांश गोल पूर्ण होईल इतकी. एक मिशी आतून, एक बाहेरून, भिंत किती जाड झाली ते सारखं चाचपत. पट्टी लागली की उड्डाण, नळ, चिखल, परत. ओली पट्टी गडद दिसायची आणि पुढची गोळी येईपर्यंत फिकट व्हायची, म्हणून तिने कुठवर आणलंय ते मला बिनचूक कळत होतं. सव्वीस फेऱ्या मी मोजल्या. शेवटच्या चार-पाच गोळ्या तिने तोंडाला वापरल्या आणि काठ बाहेर वळवला, अगदी लोटीच्या गळ्यासारखा. चाक नाही, थापटणं नाही, दिवाळीच्या बोळक्याएवढंही नसलेलं ते मडकं, आणि बाक कुठेही चुकलेला नाही.

मग ती उलटी वळली, पोटाचं टोक त्या तोंडात घातलं आणि स्तब्ध बसली. अंडं घालते ती. आतल्या छताला एका धाग्याने टांगते. अंडं आधी, शिधा नंतर.

"कुंभारीण का?" आई मान वळवून बघायला लागली. "माझी आजी सांगायची. दत्तगुरूंचे चोवीस गुरू, त्यातली ही शेवटची. ही अळी आणून घरात कोंडते, ती अळी भीतीने हिचाच ध्यास घेते, आणि ध्यास घेता घेता हिच्यासारखीच होऊन बाहेर पडते. ज्याचा ध्यास घ्याल तेच व्हाल."

मला खरं काय ते ठाऊक होतं. अळीला ती डंख मारते, त्याने अळी मरत नाही, लुळी पडते. मेली असती तर सडली असती. जिवंत आहे म्हणून ताजी राहते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्याच अळ्या खाऊन वाढतं आणि मडक्याला भोक पाडून बाहेर येतं. पण शहात्तर वर्षांच्या बाईला तिच्या आजीची गोष्ट खोटी आहे असं कसं सांगायचं? मी गप्प बसले.

तेवढ्यात दोन मोठ्या गाड्या आल्या. दारं उघडी टाकून गाणी लावली, घाटात अडकलेल्या सगळ्यांना ती ऐकायलाच हवीत अशा आवाजात. हे मला अजिबात सहन होत नाही. डोंगर बघायला येतात आणि डोंगराला बोलूच देत नाहीत. त्यातले एक गृहस्थ हात धुवायला नळावर आले, त्यांच्या कानाजवळून कुंभारीण गेली. "अरे, गांधीलमाशांचं पोळं आहे इथे!" म्हणत त्यांनी पायातली चप्पल काढली आणि मी उठेपर्यंत खिडकीवर मारली सुद्धा.

मी ओरडलेच. काय बोलले ते नीट आठवत नाही. ती चावत नाही हो, एकटी राहते, गांधीलमाशीसारखी थव्याने अंगावर येत नाही, असं काहीतरी. ते म्हणाले, "अहो मॅडम, लहान मुलं आहेत आमची." खरं तर मी दोन तास तिच्या समोर बसले होते आणि तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आवाज ऐकून हॉटेलच्या मावशी बाहेर आल्या, हाताला बेसन तसंच. "आवो दादा, ऱ्हाऊ द्या की तिला. दर साली त्याच चौकटीवर बांधती. आमी खिडकी सुदिक रंगवत न्हाई." ते गृहस्थ चप्पल घालून निघून गेले.

चौथं, उघडं मडकं वाचलं होतं. बुजवलेल्यांपैकी कडेचं एक खाली पडून फुटलं होतं. मी ते कपच्यांसकट चहाच्या बशीत उचललं. आत हिरव्या अळ्या दाटीवाटीने भरलेल्या, सात. मोडलेल्या नाहीत, वाळलेल्या नाहीत, बोट लावलं तर एखादीचं टोक किंचित हलायचं. त्यांच्यात एक पांढरं-पिवळसर पिल्लू, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, एका अळीला तोंड लावून बसलेलं. त्याच्या पातळ कातडीतून आत गेलेला हिरवा रंग दिसत होता.

आईने चष्मा पुसून बघितलं. बराच वेळ. मग तिनेच विचारलं, "म्हणजे हे खातंय तिला?" मी मान हलवली. सगळं सांगितलं. डंख, लुळी अळी, टांगलेलं अंडं. ती ऐकून घेत होती. बशी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली.

"मग आजीचं काय चुकलं?" ती म्हणाली. "अळीचीच कुंभारीण होत्ये की ही. फक्त ध्यास अळीचा नाही, आईचा."

मला काही बोलता येईना. मावशी शेजारी उभ्या होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्यांनी ती बशी घेतली आणि कपच्या तशाच खिडकीच्या आतल्या कोनाड्यात, सावलीला ठेवल्या. उघड्यावर ते पिल्लू जगायचं नाही, मुंग्या येतील, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

कुंभारीण मघापासून नव्हती. पाऊण तासाने आली. तिच्या पायांत स्वतःच्या लांबीची हिरवी अळी. ती खिडकीशी आली आणि थबकली. मडकं पडलेल्या जागी मातीची गोल खूण उरली होती, तिच्याभोवती दोनदा फिरली, मिशांनी चाचपलं. मग उघड्या मडक्याकडे वळली आणि अळी डोक्याकडून आत सरकवली. अर्धी गेली, अडकली, परत ओढली, परत घातली. मी श्वास धरून बसले होते. गेली आत.

टँकर निघाल्याचा निरोप दीड वाजता आला. मावशींनी भज्यांचे पैसे घेतले, चहाचे घेतले नाहीत. कितीही म्हटलं तरी नाही. "बशी फुकट गेली की तुमची चा प्यायची," म्हणाल्या. मी पैसे टेबलावर ठेवायला हवे होते, ते मला चिपळूण आल्यावर सुचलं.

घाट ढगांत होता, समोरच्या गाडीचा लाल दिवा धरून उतरलो. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन झालं, आई सुरूच्या बनातून समुद्रापर्यंत चालत गेली, हस्ताचा पाऊस दोन्ही रात्री कोसळला. खोली महाग होती आणि गादी ओलसर.

परतताना सातारा-पुणे अंधाराच्या आत गाठायचं म्हणून मी कुठे थांबणार नव्हते. घाट चढून वर आलो तशी आई म्हणाली, "बाजूला घे." हॉटेलासमोर गाडी उभी राहायच्या आत तिने पट्टा सोडला, दार उघडलं आणि माझा हात न धरता एकटीच अंगणातून मागे गेली.

मी पोचले तेव्हा ती चौकटीला नाक लावून उभी होती. चौथं मडकं बुजलं होतं. गळा दिसत नव्हता, त्यावर मातीचा गोळा दाबून सारखा केलेला. आणि पडलेल्या मडक्याच्या जागी, त्याच गोल खुणेवर, ओल्या मातीची पहिली कड उभी होती. अजून गडद.

"दोन चहा सांग," आई म्हणाली, "आणि पैसे आधी दे."